सलमाबादची बस

बहरीनमधल्या आमच्या मुलीच्या भारतीय शाळेचा कारभार पालकांनी निवडून दिलेली समिती बघते. त्या समितीत मी तीन वर्षं होतो. पेशाने अकाउंटंट, म्हणून बजेट माझ्या गळ्यात पडलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर मला ते हवंच होतं. दुसऱ्याच्या खर्चाला कात्री लावण्यात एक सुख असतं, आणि माझ्यासारख्या पुणेकराला ते जरा जास्तच मिळतं.

मला निवडून आणण्यात सलमाबादच्या, म्हणजे गोदामं-वर्कशॉपच्या वस्तीतल्या, पालकांचा मोठा वाटा होता. त्यांच्यातले एक गृहस्थ मूळचे रत्नागिरीचे, स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर. गोदामाच्या वरच्याच खोल्यांत कुटुंबासह राहायचे. त्यांची मुलगी सातवीत, माझ्या मुलीच्याच वर्गात. मतदानाच्या दिवशी त्यांनी रजा टाकून आसपासच्या वर्कशॉपमधले पालक गोळा करून आणले होते. "आपला मराठी माणूस आहे. आत बसला तर आपलं ऐकेल तरी," असं ते माझ्यादेखतच सांगत होते. मी संकोचल्यासारखं केलं, पण बरं वाटलं होतं.

शाळेचा बराचसा खर्च फीमधून निघतो, उरलेला एका ट्रस्टच्या वार्षिक देणगीतून. त्या वर्षी जून उलटला तरी ट्रस्टचं पत्र नाही. फोन केला की "नेक्स्ट वीक, इंशाल्ला." इकडे समितीतले काही जण देणगी आलीच असं धरून नव्या प्रयोगशाळेच्या फरशीच्या रंगावरून भांडत होते. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी,' असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो आणि मग आमच्या मल्याळी अध्यक्षांना त्याचा अर्थ हिंदीत समजावत बसलो. शेवटी ठरलं की देणगी येणारच नाही असं धरून ऑगस्टमध्ये सुधारित बजेट करायचं. ते अर्थात मी करायचं.

शिक्षकांच्या पगाराला हात लावायचा नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. प्रयोगशाळा गेली, रंगकाम गेलं, तरी खड्डा बुजेना. एक बस कमी करणं भाग होतं. प्रश्न सलमाबादची की आम्ही राहतो त्या बुदैयाची एवढाच होता. बुदैयाच्या लोकांकडे घरटी गाडी, त्यामुळे ती बस वर्षभर अर्धी रिकामी धावायची. त्याच बसने माझी मुलगी जायची.

सप्टेंबरची बस ऑगस्टमध्येच ऑनलाइन नोंदवावी लागते. बुदैयाच्या नऊ मुलांची नोंद झाली होती, सलमाबादच्या सातच. आता सलमाबादची कुटुंबं सुट्टीत गावी असतात आणि परतल्यावर, पगार हातात पडला की मगच बसचं बघतात. दरवर्षीचं आहे हे. मागच्या सप्टेंबरात त्या बसमध्ये मुलं दाटीवाटीने बसत होती. त्या याद्या माझ्याच लॅपटॉपमध्ये होत्या. मी त्या उघडल्या, पाहिल्या आणि बंद केल्या. मग नऊ आणि सात हेच आकडे तक्त्यात घातले.

आमच्याकडे गाड्या दोन आहेत. मुलीला सोडायला गेलो असतो तर माझा सकाळचा पाऊण तास गेला असता, बाकी काही नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही असं नाही. तक्ता पाच मिनिटांत मंजूर झाला.

सप्टेंबरमध्ये त्या गृहस्थांचा फोन आला. "भाऊ, बस बंद झाली म्हणतात. माझी ड्युटी सहाला सुरू होते. आमच्याकडे गाडी नाय. पोरीला सोडायचं कुणी?"

"काय करणार, देणगीच आली नाही," मी म्हणालो. "मी खूप भांडलो हो."

भांडलो! हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज कसं गेलं, याचं मला आजही नवल वाटतं.

"तुम्ही भांडणारच, भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही आहात म्हणून विचारायची तरी सोय."

ऑक्टोबरमध्ये देणगी आली, तीही पूर्ण. मीटिंगमध्ये समोसे आले आणि माझ्या सावधपणाचं कौतुक झालं. एका सभासद बाईंनी विचारलं, सलमाबादची बस परत सुरू करायची का? अध्यक्ष म्हणाले, "सात ही बच्चे थे ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती यादी सुट्टीतली होती, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग ती तशीच का धरली आणि बुदैया कसं वाचलं, हेही निघालं असतं. मी मान डोलावली आणि अळीमिळी गुपचिळी करून बसलो. पैसे राखीव निधीत गेले.

त्याच आठवड्यात जेवताना मुलगी खुशीत म्हणाली, "बाबा, आय गेट अ होल सीट टू मायसेल्फ." मी तिच्यावर ओरडलो. का ओरडलो ते तिला कळलं नाही, बायकोलाही नाही. बायकोला मी ही हकिगत अजून सांगितलेली नाही.

नोव्हेंबरमध्ये मी काही कागदांवर सह्या करायला शाळेच्या ऑफिसात गेलो होतो. काउंटरपाशी ते उभे होते, शेजारी युनिफॉर्ममधली मुलगी. दाखला काढायला आले होते.

"दोन महिने ओढलं, भाऊ," ते म्हणाले. "कधी टॅक्सी केली, कधी सुपरवायझरच्या हातापाया पडून तासभर सुटलो. आता खलास. मायलेकींना गावी पाठवतो." मग त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच भरा. माझं इंग्लिश पार्ट नंबरापुरतं."

मी नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. पुढचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा होता. तिथे हात थांबला. बस सुरू करायला शाळेकडे पैसे होते. अध्यक्षही पलीकडच्याच खोलीत बसले होते. उठून आत जायचं आणि खरं सांगायचं, एवढंच काम होतं.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

"तुम्हाला बरं वाटेल ते लिहा."

मी इंग्रजीत 'घरगुती कारण' असं लिहिलं. त्यांनी ते न वाचता खाली सही केली आणि मुलीला म्हणाले, "काकांना थँक्यू म्हण. आपल्या बसपायी फार भांडले ते."

"थँक्यू, अंकल," ती म्हणाली.

"नीट अभ्यास कर हं," मी तिला म्हणालो.