चुकीच्या जागी ठेवलेली डहाळी

साबणाचा ठोकळा मधोमध कापताना मला दम धरवत नसे. हातभर लांबीचा ग्लिसरीनच्या साबणाचा ठोकळा, त्यात रायफलीची एक गोळी झाडलेली. साबण मांसासारखा दबतो, पण मांसासारखा परत मिटत नाही. म्हणून गोळीने आत काय केलं ते जसंच्या तसं राहतं. सुरुवातीला बोटाएवढी वाट, मग एकदम भोपळ्यासारखी फुगलेली पोकळी, मग पुन्हा निमुळतं होत गेलेलं भोक, आणि अगदी टोकाला ती गोळी, तांब्याच्या चार पाकळ्या उघडून बसलेली. मी तीस वर्षं हे पाहिलं आणि तिसाव्या वर्षीही सुरी हातात घेताना माझी छाती धडधडायची.

मी धातूंचा इंजिनिअर. जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात शिकारीच्या गोळ्या बनवायचो. घर त्सुफेनहाउझेन नावाच्या उपनगरात. आजूबाजूची मराठी मंडळी मोटारी आणि सॉफ्टवेअरवाली. गणपतीला जमलो की माझ्या कामाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. त्यांना मी काय सांगणार होतो? की शिशाची गोळी मऊ असते, हरणात शिरल्याबरोबर फुलते, पण तिचे बारीक तुकडे मांसात राहतात, म्हणून सगळ्यांना आता तांब्याची हवी आहे? की तांबं हट्टी असतं, पुरेसा वेग असेल तरच उघडतं? इथल्या छोट्या हरणाची, रेहची, छाती वीतभर. गोळी तिथे लगेच फुलायला हवी. आणि हिर्श, म्हणजे आपल्या सांबराएवढं, अमेरिकेतल्या एल्कच्या भावकीतलं धूड; तिथे तिला फुलूनही खोल जायला हवं. एकाच गोळीने ही दोन्ही कामं करायची. या कोड्याने मला झोपू दिलं नाही, आणि खरं सांगतो, इतकं सुख मला दुसऱ्या कशानेच दिलं नाही.

बारा वर्षांपूर्वी माझी नवी गोळी तयार झाली. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिकाऱ्यांच्या एका गटाला मी ती वापरायला दिली. सोबत एक फॉर्म: अंतर किती, गोळी कुठे लागली, जनावर किती पळालं. फॉर्मवर अट माझीच होती, दीडशे मीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही. कारण त्यापुढे वेग उतरल्यावर पाकळ्या उघडतात का, हे मी साबणात तपासायचं बाकी होतं.

शिकारीचा परवाना मलाही होता. सप्टेंबरमधली पहाट, हिर्श माजावर येण्याचे दिवस. साऱ्या दरीत त्यांच्या डरकाळ्या घुमत होत्या. मी मचाणावर बसलो होतो. उजाडलं तसा कुरणाच्या वरच्या कडेला, एका बर्चच्या झाडापाशी, तो बाहेर आला. काय शिंगं होती! नाकपुड्यांतून वाफ, मानेवर काळी आयाळ. लांब आहे हे मला कळत होतं. पण माझी गोळी, माझी रायफल, आणि समोर असं जनावर. मी चाप ओढला.

तो दचकला, वळला आणि झाडीत गेला. इतकंच.

इथे रीत अशी आहे: जनावर जिथे उभं होतं तिथे शिकाऱ्याने फर नावाच्या सूचिपर्णी झाडाची डहाळी मोडून ठेवायची. ती खूण पाहून माग काढणारा आपल्या कुत्र्याला तिथूनच मागावर लावतो. ती डहाळी म्हणजे शिकाऱ्याचा शब्द. मी बर्चपाशी गेलो. गवतावर गोळीने कापलेले चार केस आणि रक्ताचे दोन थेंब होते. तिथे डहाळी ठेवली असती तर मचाणापासूनचं अंतर कुणालाही दिसलं असतं. स्वतः घातलेली अट मीच मोडली होती. मी खाली आलो आणि कुरणाच्या मध्यावर, मचाणापासून साधारण एकशे वीस मीटरवर डहाळी ठेवली.

मग माग काढणाऱ्याला फोन केला. तो माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, आसपासच्या दहा गावांत नावाजलेला. त्याची कुत्री तांबूस, लोंबत्या कानांची, दहा वर्षांची. लांब कातडी पट्टा तिच्या गळ्यात अडकवून तो डहाळीपाशी वाकला.

"इंजिनिअर, केस नाहीत, रक्त नाही. नक्की इथेच उभा होता?"

"नक्की."

"मग रक्त कुठे गेलं? तुझी गोळी पिऊन बसली काय?"

"तांब्याच्या गोळीचं असं होतं," मी म्हणालो. "नवीन आहे ना. थेंब उशिरा पडतात."

त्याने मान डोलवली. गोळ्यांतलं मला कळतं, असं तो मानत होता.

कुत्रीने नाक वर केलं आणि बर्चच्या दिशेने पट्टा ताणला. तो तिला माघारी डहाळीपाशी घेऊन आला. ती पुन्हा वर निघाली. "दुसऱ्या हरणाचा वास घेतेय," तो म्हणाला आणि तिच्यावर ओरडला. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात ओढलं की तो गुडघ्यावर पडला. मी चार हातांवर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. दुपारी ती डहाळीशेजारी आडवी झाली आणि उठेना.

तिसऱ्या दिवशी जंगलातल्या कामगारांना तो हिर्श पलीकडच्या दरीतल्या ओढ्यात मेलेला सापडला. मांस गेलंच होतं. बातमी कळताच मी धावत गेलो. कातडीवर आत शिरतानाचं भोक पेन्सिलएवढं, बाहेर पडतानाचंही तेवढंच. गोळी उघडलीच नव्हती! आणि आता जे लिहितो आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही: त्या क्षणी दुःख होण्याआधी मला आनंद झाला. उत्तर माझ्यासमोर पडलं होतं. गोळीच्या टोकाला पाकळ्या फुलवणारं जे भोक असतं ते अरुंद आहे, ते रुंद करायला हवं! परतताना मी मोजयंत्राने मचाण ते बर्च अंतर मोजलं. दोनशे अडतीस मीटर. घरी येऊन फॉर्मवर लिहिलं: एकशे वीस मीटर, नेम चुकून गोळी भलतीकडे लागली.

पुढच्या महिन्यात काडतुसातली दारू कमी करून, म्हणजे लांबवर गेल्यावर गोळीत उरतो तेवढाच वेग ठेवून, मी साबणावर नवं टोक तपासलं. ठोकळा कापला. चार पाकळ्या! मी प्रयोगशाळेत एकटाच टाळ्या वाजवत होतो. त्या गोळीचं सगळ्यांनी कौतुक केलं. हे कसं सुचलं, असं विचारलं की मी म्हणायचो, अनुभवाने.

तिकडे शिकाऱ्यांच्या गटप्रमुखाने जाहीर केलं की कुत्रीचं नाक गेलं, मालकही थकला. इतक्या जवळचा माग तिला लागला नाही, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला? त्याला बोलावणं बंद झालं. दोन वर्षांनी कुत्री मेली. त्याने दुसरी पाळली नाही.

हे सगळं मी या हिवाळ्यात लिहायला घेतलं. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, पानं वाचली, चष्मा काढला.

"अहो, हे मराठीत लिहिलंय. वाचणार पुण्याची माणसं. ज्याचं वाटोळं केलंत, त्याला मराठी येतं का?"

"नाही."

"मग उठा. गाडी मी चालवते."

तो माग काढणारा आता चौऱ्याऐंशीचा आहे. एकटाच राहतो. आम्हाला पाहून त्याने कॉफी ठेवली. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: बर्च, केस, डहाळी, थेंब उशिरा पडण्याची थाप. माझं जर्मन इतक्या वर्षांत पहिल्यांदा अडखळलं. ही माझ्या मागे उभी होती, मी कुठे काही गाळतो का ते ऐकत.

त्याने हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "किती मीटर?"

"दोनशे अडतीस."

"वर, बर्चपाशी?"

"हो."

त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की कप उडाला. "तीनदा! तीनदा तिने वर ओढलं! मी सगळ्या पोरांना शिकवायचो, कुत्र्याचंच खरं धरा, माणसाचं नाही. आणि त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. मी! तुझ्या शब्दावर! बारा वर्षं वाटतंय, माझ्या हातून कुठे चुकलं."

"तुझं चुकलं नाही."

"तू गप्प! तुला विचारलं नाही." त्याने फोन ओढला आणि त्या गटप्रमुखाला लावला, आवाज मोठा केला. "इथे इंजिनिअर आलाय. तो काय म्हणतो ते ऐक. मध्ये बोलू नकोस."

मी पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी गटप्रमुख हळूच म्हणाला, "म्हणजे कुत्री बरोबर होती?"

"बरोबर होती!" म्हातारा फोनवर खेकसला. "खाली तिला वासच नव्हता, मूर्खा! वाऱ्यावर शंभराहून जास्त मीटरवरचा माग पकडत होती ती! जा, आता सगळ्यांना सांग. दहाही गावांत सांग. आज सांग!"

त्याने फोन ठेवला. चेहरा लाल झाला होता, डोळे वाहत होते, आणि तो हसत होता. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. त्याने पायाने माझ्याकडे खुर्ची ढकलली.

"बस. आता पहिल्यापासून सांग. ती पहिल्यांदा वर निघाली तेव्हा तिची शेपटी कशी होती? तू चार हातांवर होतास ना? बघितलं असशीलच."

मी बघितलं होतं. खुर्चीत बसलो आणि सांगायला लागलो.