धनंजयभाऊंचा दुसरा आवाज

आंजी (मोठी)च्या शंकरपटात एकदा ऐन शर्यतीच्या वेळी माईक बंद पडला. तेव्हा धनंजय भोयर नावाच्या पोरानं मचाणावर उभं राहून नुसत्या गळ्यानं बैलजोड्या पुकारल्या आणि पार मागच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनाही जोडीमालकाचं नाव ऐकू गेलं, असं त्यांच्या गावची मंडळी अजून सांगतात. मी तो पट पाहिलेला नाही. मी वर्ध्यात वाढलेली, मास्तरांची मुलगी. पण तो आवाज मी पुढे ऐकला, आणि ऐकला त्या दिवशी मला त्याची फार गरज होती.

आयुर्वेदाची पदवी घेऊन मी एकशे आठच्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. आंजीच्या पुढे कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची गाडी उलटल्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर एवढी माणसं जमली होती की जखमी बाया दिसतच नव्हत्या. मी बॅग छातीशी धरून "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या" म्हणत होते. कोणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात वर्ध्याच्या एका खाजगी दवाखान्याची गाडी आली. तिच्यातून एक बुटका, जाड मिशांचा माणूस उतरला आणि ओरडला.

"ए भाऊ, तू दुपट्टा धर, सावली कर! तुमी दोघं तिकून गाड्या थांबवा! मावशी, पाणी कोनालेच पाजू नका, नुसतं जवळ बसा! बाकीचे मांगं व्हा!"

गर्दी दुभंगली. ज्याला काम मिळालं तो कामाला लागला, बाकीचे खरंच मागे सरकले. त्या दिवशी सगळ्या बाया वाचल्या. संध्याकाळी टपरीवर त्या मिशीवाल्या भाऊंनीच मला चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, लोकं वाईट नसते. रिकाम्या हातानं उभी राह्यली का त्याची गर्दी होते. पह्यले त्यायले काम द्या, मंग तुमचं करा."

हे धनंजयभाऊ. बारावीनंतर शिक्षण सुटलं, तेव्हा ते त्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, स्ट्रेचर ढकलणं. ॲम्ब्युलन्स निघाली की मागे कोणीतरी बसायला हवं म्हणून यांना बसवायचे. मागे बसून पेशंटचा हात धरण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही, ही गोष्ट त्यांना सलायची. एका सर्जननं ते ओळखलं आणि त्यांना नागपूरला वर्षभराच्या टेक्निशियनच्या कोर्सला पाठवलं. त्या सर्जनचं नाव घेताना भाऊ अजूनही कानाच्या पाळीला हात लावतात. पुढची बरीच वर्षं ते आणि ड्रायव्हर प्रेमदास अशी जोडी वर्ध्याच्या चारही बाजूंच्या रस्त्यांवर धावत राहिली. प्रेमदास म्हणजे गरजेपुरतंच बोलणारा माणूस. "बसा" आणि "आलं" या दोन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. बोलायचं सगळं काम भाऊंकडे.

मग वर्ध्यात आपत्कालीन सेवेचं एक प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि भाऊ तिथे शिकवू लागले. काही वर्षांनी रस्त्यावरची ड्युटी सोडून मीही तिथेच गेले, त्यांच्याच आग्रहामुळे. आमच्याकडे छाती दाबण्याचा सराव करायला रबराचा एक पुतळा होता. भाऊंनी त्याचं नाव अण्णाजी ठेवलं होतं. "अण्णाजी शेतातून आले, जेवले, आन् बसल्या जागी पडले. आता काऊन पाहून राह्यले माह्या तोंडाकडे? उठवा त्यायले!" असं म्हणून ते मोजायला लागायचे, आणि तो आकडा खाली फाटकापर्यंत ऐकू जायचा. पोलीस, एसटीचे कंडक्टर, शाळेतले मास्तर, नवे डॉक्टर, सगळे त्या आवाजाच्या तालावर अण्णाजींची छाती दाबायला शिकले. वर्गात कोणी पेंगत नसे. पेंगणं शक्यच नव्हतं.

तो आवाज बसायला लागला तेव्हा आधी सगळ्यांनी थट्टा केली. शिकवून शिकवून घसा गेला, म्हणाले. भाऊ मध, हळद, ज्येष्ठमध घेत राहिले. रस्त्यावरच्या वर्षांत लागलेली बिडीची सवय मात्र सुटली नव्हती. महिना गेला, दुसरा गेला, तेव्हा मी आणि त्यांच्या बायकोनं, सपनावहिनींनी, त्यांना अक्षरशः ओढत तपासायला नेलं. स्वरयंत्रात गाठ होती. वाढलेली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टरांनी समोर बसवून, कसलीही घाई न करता सांगितलं. पुढे श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याला केलेल्या छिद्रातून.

बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसले. वहिनींनी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला.

"नमिता," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी वाचून जाईन, ते समजलं मले. पन मी शिकवन कसा?"

वहिनी म्हणाल्या, "तुमी घरी या अगोदर. शिकवायचं मंग पाहू."

ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, आणि त्यानंतरचा रेडिएशनचा शेकही पार पडला. पण घरी आलेला माणूस वेगळा होता. सगळ्या आंजीला ऐकू जाणारा माणूस पाटीवर खडूनं "पाणी" लिहायचा. फोडणीचा वास येत नाही, शीळ घालता येत नाही, नातेवाईक उगाच मोठ्यानं बोलतात, जणू कानच गेले. मी भेटायला गेले की भाऊ भिंतीकडे तोंड करून पडायचे. केंद्राचा विषय काढला, तर पाटी पुसून टाकायचे.

त्या दिवसांत दोन माणसांनी त्यांना धरून ठेवलं. एक वहिनी. गळ्यातली नळी काढून धुणं, छिद्राभोवती साफ करणं, कफ सुकू नये म्हणून मिठाच्या पाण्याचे थेंब सोडणं, हे सगळं त्या दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून आल्या होत्या. पहिल्यांदा करताना नळी वाकडी बसली आणि भाऊ चिडले. वहिनीही चिडल्या. "मी का नर्स हाव? शिकून राह्यली ना! तुमचे विद्यार्थी काय पह्यल्याच दिवशी शिकते?" त्या दिवशी भाऊ ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

दुसरा माणूस प्रेमदास. तो रोज दुपारी यायचा, खुर्ची ओढून बसायचा. इतर येणारे काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलायचे आणि दमून जायचे. प्रेमदासला ती अडचण नव्हती. दोघं मिळून गप्प बसत, मधेच पेपरची पानं वाटून घेत, आणि चहा झाला की प्रेमदास "येतो" म्हणून उठे. भाऊंनी मला पुढे सांगितलं, "त्यानं मले कधी समजवलं नाई. लय उपकार केले त्यानं."

काही महिन्यांनी डॉक्टरांनी छिद्राच्या आत एक लहानशी झडप बसवून दिली. अंगठ्यानं छिद्र झाकून श्वास सोडला की आवाज निघतो, पण तो काढायला शिकावं लागतं. वाचा शिकवणाऱ्या तरुण बाई फार चिकाटीच्या होत्या. "आ" म्हणायला भाऊंना आठवडे लागले. एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात अंगठा गळ्यावर ठेवला आणि सरळ एक अख्खं वाक्य बोलले, "चहात साखर जास्त झाली." वहिनी मला फोनवर हे सांगताना हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. नवा आवाज खरखरीत होता, ओल्या वाळूवरून पाय घासल्यासारखा, आणि हातभर अंतरापलीकडे जेमतेम पोचायचा. भाऊ घरात बोलू लागले. केंद्रावर यायचं नाव मात्र काढत नव्हते.

मग देवळीकडच्या एका लग्नात तो प्रसंग घडला.

दुपारच्या पंगती चालल्या होत्या. ऊन, धूळ, मांडवात धूर. वहिनी आत बायकांत होत्या. भाऊ गळ्याला पातळ रुमाल बांधून पुरुषांत बसले होते. सुकलेल्या कफाची गुठळी गळ्यातल्या नळीत अडकली आणि श्वास थांबला. भाऊ उठले, खुर्ची पडली, माणसं धावली. कोणी तोंडात पाणी ओतायला गेलं, कोणी नाकाशी कांदा धरला. एका भल्या माणसानं त्यांना आडवं करून तोंडानं श्वास द्यायचा प्रयत्न केला. हवा जाणार कुठे? त्यांच्या नाकातोंडातून फुप्फुसांकडे जाणारी वाटच उरलेली नव्हती. शेकडो गर्द्यांना वाट दाखवलेल्या माणसाला स्वतःभोवतीच्या गर्दीला एवढंच सांगायचं होतं की गळ्याकडे पाहा, आणि ते सांगायला आवाज नव्हता. त्यांचे हात लोकांनी मायेनं घट्ट धरून ठेवले होते.

गलका ऐकून वहिनी बाहेर आल्या. कोपरांनी माणसं बाजूला सारत आत घुसल्या, रुमाल ओढला, नळी काढली, पिशवीतल्या बाटलीतले थेंब सोडले आणि भाऊंना उठवून पुढे वाकवलं. "खोका! खोका म्हनते ना मी!" भाऊ खोकले. दुसऱ्या खोकल्याला गुठळी बाहेर आली. चेहऱ्यावरचा निळेपणा हळूहळू उतरला.

कोणीतरी फोन केलेला होता, म्हणून ॲम्ब्युलन्सही आली. तिच्यावरचा डॉक्टर साकेत आमच्याच केंद्रातून शिकून गेलेला. त्यानं ऑक्सिजनचा मास्क सवयीनं तोंडाकडे नेला. वहिनी म्हणाल्या, "गळ्यावर, दादा." तो क्षणभर थबकला आणि लगेच मास्क गळ्याशी धरला. रस्ताभर त्यानं तो तसाच हातानं धरून ठेवला, कारण मास्कचा पट्टा तोंडासाठी बनवलेला, गळ्यावर तो नीट बसत नव्हता.

चार दिवसांनी साकेत भाऊंच्या घरी आला. मीही तिथे होते. तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सर, हे आम्हाला पुस्तकात एका ओळीत होतं. मी ती ओळ वाचली होती, पण असा माणूस कधी पाहिला नव्हता. तुम्ही आमच्या नव्या बॅचला दाखवाल का?"

ती ओळ शिकवायला मीच होते. भाऊही होते. आम्ही दोघंही ती वाचून पुढे जायचो, कारण पुढे अण्णाजींचा सराव असायचा. भाऊंनी अंगठा गळ्यावर ठेवला.

"दाखवतो," ते म्हणाले. "पन ईले संग घेईन. नळीचं काम हीच शिकवन."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मले काय भाषण देता येते?"

"भाषन नाई," भाऊ म्हणाले. "जसं मले रागावतं, तसं त्यायले रागावजो."

तर अशी ती बॅच सुरू झाली. भाऊ टेबलावर झोपले, रुमाल सोडला, आणि समोरच्या तरुण डॉक्टरांना म्हणाले, "जवळ या. घाबरू नका." त्या आवाजासाठी सगळ्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या. पूर्वी त्यांचा आवाज फाटकापर्यंत जायचा. आता फाटकावर कोणाला काही कळत नव्हतं, पण वर्गात पंख्याचाही आवाज नको म्हणून एका मुलीनं उठून तो बंद केला. वहिनींनी नळी काढून दाखवली, धुऊन दाखवली, आणि दोन पोरांना खरोखरच रागावल्या. मी मागे उभी होते. मला आंजीच्या पुढचा तो रस्ता आठवला नाही, काहीच आठवलं नाही. एवढंच वाटलं की हा माणूस मला भेटला, हे माझं नशीब.

त्यानंतर भाऊंनी एक काम मनावर घेतलं. वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे पुडे घेऊन ते प्रेमदासच्या गाडीवर मागे बसून सगळीकडे फिरले. ऑपरेशन करणारे डॉक्टर, वाचा शिकवणाऱ्या बाई, वहिनींना नळी शिकवणारी नर्स, वॉर्डात रात्री पुसायला येणाऱ्या आणि जाताजाता पांघरूण सारखं करणाऱ्या मावशी. लग्नात तोंडानं श्वास देऊ पाहणाऱ्या त्या भल्या माणसालाही ते शोधून काढून भेटले. तो संकोचानं म्हणाला, "भाऊ, माझ्यामुळे उलट उशीर झाला."

"तुमी पुढं तर आले," भाऊ म्हणाले. "बाकीचे व्हिडिओ काढून राह्यले होते. या आमच्या वर्गाले, चुकलं ते दुरुस्त करू."

तो आला. आता तो त्याच्या गावात इतरांना शिकवतो.

आता भाऊ आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर येतात. मोजायचं काम मी करते, माझा आवाज त्यांच्यासारखा नाही, पण अण्णाजींची तक्रार नाही. खेड्यांतल्या शाळांमध्ये आम्ही चौघं जातो, प्रेमदास गाडी चालवतो. मागच्या महिन्यात आंजीच्या शाळेत गेलो होतो. मोठी माणसं जे विचारायला लाजतात ते मुलं सरळ विचारतात.

"सर, तुमाले शिंक कुठून येते?"

"इथूनच," भाऊंनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तुमी विहिरीत पोहता काय?"

"नाई बेटा. पानी सरळ आत जाईन. लहानपनी लय पोहलो, तेवढं पुरे हाय."

मुलं हसली. भाऊही खांदे हलवत हसले. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून पुढे आली. तिनं काही विचारलं नाही. हात थोडा पुढे केला आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली आणि तिच्यासाठी थोडे वाकले. तिनं तळवा त्यांच्या गळ्यातल्या छिद्रासमोर धरला आणि तसाच ठेवला.

"गरम हाय," ती वळून वर्गाला म्हणाली.

मग सगळ्यांनाच बघायचं होतं. भाऊंनी रांग लावायला सांगितली.