दोन इंच सरकारला

अख्ख्या अमेरिकेत कायद्याला आमच्या काकांइतका घाबरणारा दुसरा माणूस नसेल, आणि नेमक्या त्याच माणसानं बंदूक घेतली.

आमचे म्हणायचे एवढंच, नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. मी अल्फारेटा गावातल्या एका देशी हॉटेलात स्वयंपाकी होतो, आठवीत शाळा सोडून तव्यापुढे उभा राहिलेला, आणि ते तिथलं दर शनिवारचं गिऱ्हाईक. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची त्यांची नोकरी, त्यामुळे माझ्या वरणातही त्यांना चुका सापडत. दोन हजार चार साल असेल. एका दुपारी दोघं जण पिस्तूल घेऊन हॉटेलात शिरले आणि गल्ला घेऊन गेले. मी दोन्ही हात वर करून उभा होतो, एका हातात डाव, आणि त्यातलं सांबार माझ्याच कोपरापर्यंत ओघळत होतं. त्यानंतर कुठं काही खट् वाजलं की माझे हात आपोआप वर जायला लागले. परत येतो असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझी बॅग उचलून गाडीत टाकली आणि मला त्यांच्या बेसमेंटमध्ये आणून ठेवलं. म्हणाले, "महिनाभर राहून बघ. तरी जायचं असेल तर मी स्वतः एअरपोर्टला ड्रॉप करतो."

आणि पुढच्याच आठवड्यात बंदूक आली. जुनी, बदकं मारायची. मधोमध मोडायची, नळीत एक काडतूस घालायचं, पुन्हा मिटायची. एक बार झाला की पहिल्यापासून सुरुवात. काका अमेरिकन नागरिक, त्यांना ठेवायला हरकत नव्हती. पण माझ्या व्हिसावर बंदुकीला बोट लावणंही भानगडीचं, म्हणून काका गॅरेजात तिची साफसफाई करत तेव्हा मी दुसऱ्या टोकाला टॉर्च धरून उभं राहायचं. टॉर्च धरलेला चालतो ना, हे त्यांनी पोलिसांच्या ऑफिसात फोन करून विचारून घेतलं होतं.

बंदूक इतकी लांब की जिन्याच्या वळणावर काकांनी ती फिरवली आणि काकूंचं नवं घड्याळ खाली आलं. चोराच्या आधी घरच संपेल, असं काकू म्हणाल्या. तेव्हा नळी कापून घ्यायचं ठरलं. कायदा म्हणतो, नळी अठरा इंचांच्या खाली जाता कामा नये. बंदुका दुरुस्त करणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला, साडेअठरा ठेवू, झालं. काका काकूंची शिवणाची टेप घेऊनच गेले होते. थंडीत लोखंड आकसतं, त्याची जबाबदारी कोण घेणार, असं त्यांनी त्याला विचारलं आणि वीसवर कापायला लावली. घरी येऊन म्हणाले, "दोन इंच सरकारला." पुढे एकेका स्क्रूसाठी त्यांचा फोन जायला लागला. पोलिसांच्या ऑफिसातली बाई त्यांच्या नुसत्या हॅलोवर ओळखायची आणि आज काय बसवताय म्हणून आपणच विचारायची.

पहिल्या बाराला काकांचा खांदा जांभळासारखा झाला. आठवडाभर काकूंनी त्यांचा भांग पाडला. मग दस्त्याला रबराची जाड गादी लागली. समोरचा नेम धरायचा मणी दिसेना, तर त्याला काकूंचं लाल नेलपॉलिश लागलं. जादा काडतुसं हाताशी हवीत, म्हणून दस्त्यावर चढवायला काकूंनी उरलेल्या ब्लाउजपीसची इलॅस्टिकवाली पट्टी शिवली, कप्प्याकप्प्यांची, हिरवी, जरीच्या काठाची. शिवता शिवता म्हणाल्या, "एवढं नटवून सासरी पाठवायचीय का हिला?"

दसऱ्याला ती खरंच पाटावर बसली. रिकामी आहे हे काकांनी तीनतीनदा बघितलं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, अक्षता, सगळं रीतसर. पुढच्या शनिवारी ते म्हाताऱ्याकडच्या मैदानावर नेम धरायला गेले. मी कुंपणाबाहेर, माझ्या व्हिसाच्या हद्दीत. काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार बघायचं हा काकांचा नेम. त्यांनी बघितलं आणि पांढरेफटक पडले. उजेडच दिसेना. म्हाताऱ्यानं गज घातला, तर झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवानं लाल झालेले तांदूळ त्याच्या तळहातावर पडले. त्यानं ते हुंगले आणि हे कुठल्या कंपनीचं काडतूस म्हणून विचारलं. काका म्हणाले, "ब्लेसिंग्ज."

मी पोट धरून हसलो. पण खरं सांगायचं तर त्या घरात मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, ती म्हणजे ती बंदूक. काका ती मिटायचे तेव्हा खट् व्हायचं आणि मी टॉर्च दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचो. ज्या माणसानं आपल्याला घरात घेतलं त्याला हे सांगायचं कसं? त्यापेक्षा निघून जावं, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. महिना भरत आला होता.

एका रविवारी सकाळी मी टॉर्च धरून उभा होतो. काकांनी बंदूक मिटली. खट्. माझे दोन्ही हात वर गेले आणि टॉर्चचा झोत छतावर. काकांनी आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हिची भीती वाटते तुला?"

नाही म्हणायचं होतं. "हो, काका," असंच आलं तोंडातून.

त्यांनी नेलपॉलिश लावलेल्या मण्यावरून अंगठा फिरवला. "अरे, मग सांगायचं ना यार. माझ्यासाठी घेतली होती का मी?"

दुसऱ्याच दिवशी बंदूक सगळ्या कागदांसकट म्हाताऱ्याला देऊन टाकली. ऑफिसातल्या त्या बाईला म्हणे जरा वाईट वाटलं. काकूंची हिरवी पट्टी तेवढी काकांनी काढून घेतली, व्हिसावरच्या माणसानं जरीची पट्टी बाळगलेली चालते का हे त्याच बाईला शेवटचं विचारलं, आणि मला दिली. महिना उलटून गेला. एअरपोर्टचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

आता काका-काकू लेकीकडे क्युपर्टिनोला असतात. मी अजून अल्फारेटातच, पण हॉटेलचं स्वयंपाकघर माझं स्वतःचं आहे. भिंतीवर ती पट्टी टांगलेली आहे, तिच्या कप्प्यांत चव बघायचे चमचे असतात. दसऱ्याला चमचे काढून तिला पाटावर ठेवतो, झेंडू वाहतो, चार अक्षता टाकतो. संध्याकाळच्या आत काकांचा फोन येतोच. हॉटेल कसं चाललंय, तब्येत कशी आहे, काही नाही.

"आत बघितलंस ना नीट?"

मी पट्टी उजेडात धरतो, एकेका कप्प्यात डोकावतो, आणि म्हणतो, "हो, काका."