दाजीच्या गाडीतला लाल दिवा

वारंगा फाट्यावर कुणालाबी इचारा, गाडीच्या वायरिंगचं काम कुठं होतं. आधी लोक माझं नाव घ्यायचे, प्रेमदासचं. आता बोट रस्त्याच्या पल्याड जातं, मुबश्शीरच्या दुकानाकडं. जळतो म्या. सरळ सांगतो, जळतो. झाकून काय उपयोग, दोघांची दुकानं समोरासमोर हायेत. माझं तोंड सगळ्या फाट्याला दिसतं.

त्याचा बाप बद्रुद्दीनचाचा जीपगाड्यांच्या सीटा शिवायचा. मुबश्शीर लहान असताना त्याच्यापाशी दाभण घेऊन बसलेला असायचा, नाक पुसायचीबी अक्कल नव्हती. मग पुण्याला गेला, कुठल्या तरी वर्कशॉपात राहिला, अन परत आला तं बगलेत गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊन. बोलणं हळू, कपडे साफ. तो नमाजाला गेला तरी गिऱ्हाईक त्याच्या बाकड्यावर वाट पाहत बसून राहतं. समोर माझं दुकान उघडं असतं, पण उठून येत न्हाई. माझी बायको सरिता, घरची बाई, तीबी म्हणती, मुबश्शीरच्या दुकानात वायरीचा तुकडा खाली पडलेला दिसत न्हाई. असं ऐकल्यावर माणसाला भाकर गोड कशी लागंल?

एअरबॅगच्या कामाची त्याची एक रीत हाय. मीटर लावून झालं की तारांना हात घालायच्या आधी बॅटरी सोडवणार, अन गाडी तशीच ठेवून चहाला जाणार. म्हणं आत करंट उरलेला असतो, तो उतरू द्यावा लागतो, न्हाईतं फुगा तोंडावर फुटतो. म्या बल्बाचा टेस्टर टेकवून मोकळा होणारा माणूस. मला ते नखरे वाटायचे. लोकांना मात्र त्याचंच कौतुक. चहा पितो तेबी त्याची हुशारी!

त्या दिवशी माझा सख्खा दाजी, शिरड शहापूरचा मुंजाजी, नवी गाडी घेऊन आला अन माझ्या दुकानापुढून जाऊन सरळ त्याच्या दारात लावली. गाडीत माझी बहीण ज्योती होती, दिवस भरत आलेले. मागं बसलं की तिला मळमळतं, म्हणून दवाखान्याला जाता-येता पुढंच बसती. अन डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा. तिच्या सीटखाली एक सेन्सर असतो, तो गाडीला सांगतो की इथं माणूस बसलंय. त्याच्या व्होल्टेजनं गडबड केली की धडक झाल्यावर त्या बाजूचा फुगा उघडंल याचा भरवसा न्हाई.

म्या हातातलं काम टाकून तिथं जाऊन उभा राहिलो. मदतीला न्हाई, मुबश्शीरचं चुकलेलं बघायला.

त्यानं मीटर लावलं. पाच व्होल्ट पाहिजेत तिथं कधी पाच, कधी दोन. सीट मागंपुढं सरकवली, सीटखालचा प्लग बघितला, तो कोरडा अन चकचकीत. स्कॅनर आपला एकच रडगाणं गाऊन राहिला, व्होल्टेज कमी. मुबश्शीरच्या कपाळावर घाम आला. काय सांगू, मला थंडगार वाटलं.

शेवटी त्यानं दाजीला इचारलं, सीटवर पाणीबिणी सांडलं होतं का. दाजी म्हणला, थेंबबी न्हाई.

खोटं! गाडी घरी आणली त्या दिवशी म्या मागंच बसलो होतो. दाजीची माय जनकाबाई, तिचा हट्ट की पुढच्या सीटवर आधी देव बसणार. काठोकाठ भरलेला कलश ठेवला, वर नारळ, अन वरून सीटबेल्ट बांधला. फाट्याच्या गतिरोधकावर दाजीनं गाडी उडवली अन कलश आडवा झाला; पाणी कुठं वाहत गेलं ते मागून म्या बघितलं. नव्या गाडीत भरला कलश सांडला म्हंजे अपशकुन. जनकाबाईनं तिथंच समद्यांना शपथ घातली, याचा उच्चार करायचा न्हाई. दाजी मायचा शब्द पाळून राहिला होता.

म्हंजे दुखणं कुठं हाय ते म्या एकटाच सांगू शकत होतो. गप राहिलो असतो तं मुबश्शीरनं नवा सेन्सर बसवला असता, दिवा पुन्हा लागला असता, फाटाभर बोभाटा झाला असता. दाजी मान खाली घालून माझ्या दारात आला असता. लय गोड वाटलं मनाला.

मुबश्शीर म्हणला, सेन्सर मागवतो, तवर ताईंना मागं बसवा. ज्योती म्हणली, मागं जीव कासावीस होतो, मी पुढंच बसते, काय होतंय? एक हात पोटावर ठेवून ती त्या सीटवर टेकली अन बेल्ट ओढायला लागली. तोच बेल्ट, कलशाला बांधलेला.

“पाणी सांडलंय,” म्या बोलून गेलो. “भरला कलश सांडलाय. सीटखाली नको बघू, दाराकडची पट्टी उचल. पाणी तिकडं वाहून गेलं होतं.”

दाजीचं तोंड उतरलं. आधी काहून सांगितलं न्हाई, कवा सांडलं, असलं मुबश्शीरनं काही इचारलं न्हाई. बॅटरी सोडवली, अन चहाला मलाबी संगं नेलं. गेलो. कडू तोंडानं प्यालो.

परत येऊन त्यानं पट्टी काढली. गालिच्याखाली तारांचा एक जोड होता, हिरवागार गंजलेला. तो बदलून बॅटरी जोडली तसं मीटर पाचवर जाऊन थांबलं, अन दिवा विझला. ज्योती पुढं बसून गेली. म्या तिच्या बाजूची काच दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

गाडी हलायच्या आधी मुबश्शीर समद्यांपुढं बोलला होता, “फॉल्ट प्रेमदासभाऊनं धरला. माझ्याच्यानं झालं नसतं.”

संध्याकाळपर्यंत फाट्यावर एकच बोलणं, मुबश्शीर किती मोठ्या मनाचा माणूस हाय! फॉल्ट म्या धरला, बहीण माझी, शपथ मोडली म्हणून तिची सासू आजपातुर बोलत न्हाई माझ्याशी, अन नाव पुन्हा त्याचंच. सरिताबी ताटात भाकर वाढता वाढता तेच म्हणली.