उजव्या हाताचा घास

तंबू गुंडाळला की खुंट्या, दोऱ्या, बाकडी सगळं बैलगाडीत मावतं. किस्से मावत नाहीत, ते गाडीमागून चालत येतात. नानाशेठच्या तंबू सिनेमात मी चार वर्षं मशीनचं हँडल फिरवलं. सिनेमे मुके, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून भिकाभाऊ गोष्ट सांगायचे. पुढे बोलपट आले आणि आम्ही दोघंही घरी बसलो, ते असो.

सावद्याला जरठ-बाला विवाहाचा सिनेमा लावला होता. म्हातारा नवरदेव बोहल्यावर चढला आणि पब्लिक खवळलं! केळीच्या बागा असलेल्या एका आबांनी नेम धरून जोडा फेकला, थेट मुंडावळ्यांवर. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कोवळा आवाज आला, "दुसरा घरी फेका. आरसा मी धरते!"

ती आबांची तिसरी बायको होती.

एरंडोलला फौजदार वही घेऊन पहिल्या रांगेत. भिकाभाऊ सरकारविरुद्ध बोलतात, अशी तक्रार होती. पडद्यावर जुलमी राजा आला. भिकाभाऊ अदबीने म्हणाले, "हा राजा रयतेला लुबाडतो. साहेब, लिहू नका, हा जुना आहे!"

फौजदारसुद्धा हसले. आपण हसलो हे लक्षात आल्यावर त्यांनी खेळ बंद केला.

आमचा हुकमी खेळ मात्र संताचा. संत गावकुसाबाहेरच्या घरी जेवायला बसतो, तिथे नानाशेठ दर खेळाला रडायचे. उपरण्याने डोळे पुसायचे. आणि त्यांच्याच हुकमाने गावकुसाबाहेरची माणसं पडद्यामागे बसायची! ओल्या पातळ कापडातून मागेही चित्र दिसायचं, पण उलटं. उजवं ते डावं.

सोनगीरला खेळाची दवंडी धर्माबाबा द्यायचे, हलगी वाजवून. बसायचे अर्थातच मागे. दुसऱ्या दिवशी बाजारात ते सहज बोलून गेले, "संत डाव्या हातानं जेवस." झालं! संताची विटंबना केली म्हणून चारजण अंगावर धावले. भिकाभाऊंनी कसंबसं सोडवलं.

संध्याकाळी धर्माबाबा तिकिटाचे पैसे मुठीत घेऊन आले. "नाना, एकदाव पुढे बसू द्या. माले त्याना उजवा हात देखना शे."

"बाबा, माझं काही नाही हो," नानाशेठ म्हणाले, "पण लोक उठून जातील. धंदा आहे."

धर्माबाबा पडद्यामागे गेले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. फिल्म उलट्या बाजूने भरली की पडद्यावरचं डावं-उजवं फिरतं. नवशिके ही चूक करतात आणि थोबाडीत खातात. त्या दिवशी मी ती केली. नवशिका नव्हतो.

खेळ सुरू झाला. मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी! भिकाभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ असलेलं सांगत राहिले. मग जेवणाचा प्रसंग आला. संताने घास उचलला, डाव्या हाताने. पुढे हलकल्लोळ झाला. नानाशेठ रडायचं विसरून ओरडले, "बंद कर! उलटं लावलंस गाढवा, उद्यापासून येऊ नकोस!"

मी हँडल फिरवतच राहिलो.

पडद्यामागून धर्माबाबांचा शांत आवाज आला, "नाना, वरडू नका. आमना बाजूनी आज सगळं सुलटं शे!"