ॲडव्हान्समामा

मेडशीला मामांच्या घरी मी आयुष्यात कधी कडी वाजवली नाही. तशी वेळच यायची नाही. एसटीतून उतरून, पिशवी सावरत गल्लीच्या तोंडाशी यावं, तर मामा दार उघडून उंबऱ्यात उभे. फोन केलेला नसायचा, निरोप धाडलेला नसायचा. "आली का? हात धू. पिठलं थंडं होऊन राह्यलं," एवढंच म्हणायचे. लहानपणी मला याचं भारी कौतुक होतं. लग्न झाल्यावर एकदा गंमत म्हणून मेडशीला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. "अर्ध्यातून काहून फिरली व? दोघाईचं पिठलं मले एकट्यालेच खा लागलं." त्यानंतर मी असली गंमत केली नाही.

गाव त्यांना ॲडव्हान्समामा म्हणायचं. माझ्या आईचे ते सख्खे थोरले भाऊ. मामी लवकर गेल्या, मूलबाळ झालं नाही. थोडी सोयाबीन, थोडी तूर, बांधावर दोन सीताफळं, आणि गोठ्यात बैलांच्या जागी एक विलायती मोटार. जुन्या फटफटीपायी वेडा झालेला एखादा तुमच्याही गावात असेल. मामांचं वेड त्याच जातीचं, फक्त माप मोठं.

ती मोटार त्यांना अकोल्यात एका जुन्या वकिलाच्या बंगल्यामागे, पपईच्या झाडाखाली सापडली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. कुणाला वाटलं असतं भंगार; मामांना वाटलं स्थळ चालून आलं. लांबलचक नाक, पुढे उभ्या पन्हाळ्या पाडल्यासारखी जाळी, आत अक्रोडाच्या लाकडाची पाटी आणि कातडी गाद्या. तिकडचे राजे म्हणे याच घराण्याच्या गाड्यांतून फिरायचे. पण कंपनीचं नाव मामा चुकूनही घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसंच. "त्याईनं बनवली," एवढंच म्हणत आणि हात वर विलायतेकडे करत.

"हिचा सांगाडा एका गावचा न् अंग दुसऱ्या गावचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. पाहुणा गोठ्यात पाय ठेवायचा अवकाश, की हे वाक्य आलंच. त्या काळी कारखाना म्हणे फक्त खालचा सांगाडा आणि इंजिन द्यायचा. वरचं शरीर दुसरे कारागीर लाकडी चौकट उभारून, तिच्यावर पत्रा ठोकून चढवायचे. मामांच्या गाडीची ती विलायती चौकट आपल्या वाळवीनं पार फस्त केली होती. मग अनसिंगचा एक सुतार आणला. जन्मभर बैलगाड्या केलेला माणूस, त्यानं बाभळीची चौकट घातली. बाभूळ कुठली, हे मामांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. गाडी रस्त्यावर आल्यावर गावात कुजबूज सुरू झाली की ती बाभूळ मसणातली. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "असन. लाकडाले काय मालूम?" 

मामा कधीकधी गोठ्यात बाजेवर पडून तिच्याकडे बघत बसायचे. ज्या शहरात तिचं इंजिन झालं, त्या शहरावर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले होते. "ज्यानं हिचे नट आवळले, तो त्याच्यात मेला असन का व?" ते मला विचारायचे. मी म्हणायची, "मामा, जेवायला चला." ते म्हणायचे, "त्याचे हात अजून हिच्यात हायेत ना पण." पंच्याऐंशीला टेकलेला माणूस भरदुपारी असलं बोलायला लागला की मी ताट वाढायला घ्यायची.

आता मुख्य गोष्ट सांगते, गिअरची. आपल्या गाड्यांत क्लच दाबला, दांडा टाकला की गिअर पडला. या बाईचं तसं नव्हतं. स्टेअरिंगखाली बोटभर लांब एक दांडी. पुढे जो गिअर लागणार, तो त्या दांडीनं आधीच निवडून ठेवायचा. निवडल्यावर काहीच होत नाही, गाडी आपली चालतेय तशी चालतेय. मग चढ आला, वळण आलं, की क्लचच्या जागी जे पेडल असतं ते डाव्या पायानं दाबून सोडायचं. तेव्हा आतले पट्टे आवळले जातात आणि निवडलेला गिअर पडतो. मामांनी मला शिकवायचा प्रयत्न केला होता. मी पेडल अर्धवट दाबलं, तर त्यानं अशी उलट लाथ मारली की नडगी सुजली. मामा हसून हसून बेजार. "निवडनं येगळं न् दाबनं येगळं, माय. दाबाचं त पुरं दाबाव, नाई त पायच लावू नाई."

आणि शांतता! माझी वाशिमकडच्या मालेगावात, घराला लागूनच, पिठाची गिरणी आहे, मी दिवसभर ओरडून बोलते आणि घरीही तशीच बोलते. पण त्या गाडीत बसले की माझाही आवाज आपोआप खाली यायचा. इंजिन चालू आहे की बंद, हे मागचा धूर बघून ओळखायचं. मामा सांगत, की इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये दोन पंखे समोरासमोर असतात आणि मध्ये नुसतं तेल. एक फिरला की तेल फिरतं, तेलानं दुसरा फिरतो. "एकमेकाले शिवत नाईत, तरी ओढतात," असं ते दोन्ही पंजे एकमेकांसमोर धरून दाखवायचे. ती गाडी मागून येऊन तुमच्या कोपरापाशी उभी राहायची तरी पत्ता लागायचा नाही.

लोक तिला घाबरायला लागले, ते मात्र वेगळ्या कारणानं. मामा एकदा गल्लीतल्या एका घरापुढे गाडी घेऊन उभे राहिले आणि तिथल्या पोटुशी सुनेला म्हणाले, "चाल, बस." तिला कळा नव्हत्या, दिवसही भरले नव्हते. सासूनं वेड्यात काढलं, पण मोटारीत बसायची हौस म्हणून सून बसली. मालेगावच्या अलीकडेच कळा सुरू झाल्या आणि दवाखान्याच्या पायरीवर पोचता पोचता मुलगी झाली. गावानं मामांना डोक्यावर घेतलं. मग काही महिन्यांनी गाडी एका म्हाताऱ्या पाटलांच्या दारात उभी राहिली. पाटील धडधाकट होते. त्यांनी मामांकडे पाहिलं, आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले आणि म्हणाले, "वावरातून एक चक्कर मारून आण बापा." मामांनी सगळं वावर दाखवून आणलं. दिवस मावळायच्या आत पाटील गेले.

झालं! ज्या गावानं डोक्यावर घेतलं, तेच दारं लावून घ्यायला लागलं. मोटार दिसली की बाया लिंबू घेऊन बाहेर येत, माणसं खिडकीतून पाहत. मामांना ते फार लागलं. माझ्या घरी येऊन बसले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मी काय यमाचा ड्रायव्हर हाओ का व?" मी विचारलं, "मग जाता कशाला?" त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "मी नाई जात. हातच दांडीवर जाते, निवडल्या जाते. कुठं जाचं ते मले समजते, काहून जाचं ते नाई समजत."

माझी आई माझ्याचजवळ असते. हृदयाची झडप खराब आहे. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वयात ऑपरेशन नको, जपा, जितके दिवस मिळतील तितके आपले. त्या गोष्टीला वर्ष झालं नव्हतं. भरदुपारी मी गिऱ्हाइकाची ज्वारी दळत होते. समोरची बाई बोलता बोलता माझ्या खांद्यावरून बाहेर बघायला लागली. मी वळले. दारात मोटार उभी होती.

मी गिरणी बंद केली. पट्टा थांबला आणि गल्लीत इतकं शांत झालं की माझ्याच श्वासाची मला लाज वाटली. ती बाई पिठाचा डबा तिथंच टाकून निघून गेली. मामा स्टेअरिंगवर बसून होते, अंगभर घाम, एक हात त्या दांडीवर. मागून धूर येत होता. तेवढ्यात आई सुपात लसूण घेऊन ओट्यावर आली.

"दादा, मले न्यायले आला का?" तिनं विचारलं, बाजाराला न्यायला आला का म्हणून विचारावं तसं.

"आलो त हाओ," मामा म्हणाले. "नेत नाई."

मी धावत जाऊन खिडकीतून आत वाकले. "मामा, ती दांडी मागं घ्या आधी!" "सरकत नाई, माय." मी स्वतः हात घातला. एवढीशी ती दांडी! रोज पोती उचलणारी बाई मी, पण तसूभर हलली नाही. बंद करा म्हटलं, तर म्हणाले, "बंद केली तरी निवडलं ते निवडलंच राह्यते. उद्या पुन्हा पाय लागनच. पेट्रोल संपू दे तिचं. तिनं थकाव, म्या नाई." आणि मग त्या माणसानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन्ही पाय वर उचलले आणि त्या राजेशाही गादीवर, पंगतीला बसावं तशी, मांडी घातली. "दांडी माह्या हातात नाई," ते म्हणाले. "पाय त माहा हाये."

आई चिडली. माझी आई साधी बाई, पण चिडली की ऐकत नाही. "माहं मी पाह्यीन! तू कोन थांबवनारा?" म्हणत ओट्यावरून उतरली आणि मागच्या दाराच्या मुठीला तिनं हात घातला. मामा जन्मात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले, "कुसुम, हात काढ!" आई जागच्या जागी खाली बसली. मग ती ओट्यावर, मी पायरीवर आणि मामा मांडी घालून गाडीत, अशी आमची अख्खी दुपार गेली. कुणी गल्लीतून आलं नाही, गेलं नाही. मी सारखी आईच्या छातीकडे बघत होते, पदर खालीवर होतोय ना म्हणून.

दिवस कलला तसा धूर विरळ झाला आणि थांबला. आवाज तर आधीही नव्हता. "झालं," मामा म्हणाले. पाय इतके बधिर झाले होते की मी बगलेत धरून उतरवलं. आईनं भाकर टाकली, ठेचा वाटला. मामा पोटभर जेवले, हसले, गिरणीचा पट्टा ढिला आहे म्हणून मला बोललेही. माझा जीव भांड्यात पडला. माझे यजमान एसटीत कंडक्टर. त्यांची संध्याकाळची गाडी मेडशीवरूनच जाते. मामा त्याच गाडीनं निघाले. आई म्हणाली, "दादा, राह्य ना आजच्या दिवस."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू राह्य," म्हणाले.

मेडशीच्या थांब्यावर ते उठले नाहीत. यजमानांना वाटलं, डोळा लागला. खांद्याला हात लावला तर अंग गार. डॉक्टर हार्टफेल म्हणाले, या वयात व्हायचंच. पण यजमानांनी मला एकटीला गाठून एक गोष्ट सांगितली. मामांचा डावा पाय पुढच्या सीटच्या लोखंडी आडव्या नळीवर दाबलेला होता, पार शेवटपर्यंत. तो सोडवायला दोन माणसं लागली.

मोटार अजून आमच्या दारात आहे. नागपूरचे एक शौकीन विकत मागायला आले होते, आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तिच्यात कुणी पेट्रोल घातलेलं नाही. आईची झडप होती तशीच आहे, डॉक्टर दर खेपेला मान हलवतात, आणि आई आहे. भावावर तिचा राग काही जात नाही. "माहं मरन माहं होतं, त्यानं काहून घेतलं?" असं ती भिंतीशी बोलते. वर्षश्राद्धाला तिनं घास तोंडात घातला नाही.

परवा लसूण सोलता सोलता तिनं मला एकदम विचारलं, "त्यानं तुले इचारलं होतं का व? खरं सांग."

"नाही आई," मी म्हणाले.

ते खरंच आहे. मामांनी मला काही विचारलं नाही. मी खिडकीत वाकले होते तेव्हा त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओट्यावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी पाय वर घेतले. माझा मामांवर फार जीव होता. तरी तो क्षण पुन्हा आला, तर माझे डोळे आईकडेच वळतील.