तिच्या सुरकुत्या गेल्या तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शिरोलीच्या एका फौंड्रीत उभा जन्म ओतीव माल तपासण्यात गेला. माल वरून कितीबी गुळगुळीत दिसू दे, मी तसा सोडायचो नाही. हातोडीनं ठोकायचो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत पोकळी. सुपरवायझर कटकटायचा, "मामा, झकास दिसतोय की! सोडा."

"दिसायला तुम्हीबी झकासच हाय, सायेब," म्हणायचो आणि ठोकायचो.

घरात मात्र मी वरून बघून माल पास केला.

सुरुवात बायकोच्या बोटांपासून झाली. थंडीत भांडी घासताना बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. पुढं हाताचं कातडं कडक झालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तिचं शरीर तिच्याच अंगावर उलटलंय. हा आजार कातड्यावर थांबत नाही. फुफ्फुसातल्या नसा आवळतो, मग हृदयावर जोर येतो, कधी हृदयाभोवती पाणी साचतं. तक्रार असो नसो, वर्षातून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचीच. पहिल्या वर्षी काढली. चांगली आली.

मग तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या गेल्या. कातडं ताणलं होतं, दुसरं काय. पण साठीची बाई चाळिशीची दिसायला लागली. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, "काकू, दुसरं लगीन ठरवलंय काय?"

"ठरलंय की! ह्या म्हाताऱ्याला कुणाच्या गळ्यात बांधू, तेवढं सांगा."

मी हसायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी इकोची वेळ आली तर म्हणाली, "मला काय धाड भरलीया? औषध लागू पडलंय." मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय, ऱ्हाऊ दे."

रोज सकाळी ती म्हशीच्या कट्ट्यावरून, जिथं गवळी समोरच धार काढून देतात, तिथून धारोष्ण दूध आणायची. येताना गल्लीचा चढ लागतो. तिला यायला उशीर व्हायला लागला. मी दारातून ओरडायचो, "चहाचं आधण आटलं! किती दारांत गप्पा हाणतीस?" ती लांबूनच हात वर करायची. घरी आल्यावर म्हणायची, "अवो, बायकांत बोलायचं बी न्हाय व्हय?"

दिवाळीनंतर तिचे पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायची. नेलं. डॉक्टरीणबाईंनी इको काढली. "काका, आधी आणायला हवं होतं," म्हणाल्या. तीन आठवडे दवाखान्यात झुंजली आणि गेली.

बाराव्याला चढावरच्या एका घरातली सून माझ्याशेजारी येऊन बसली. रडत म्हणाली, "काका, काकू रोज आमच्या कठड्यावर टेकायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. नुसत्या धापा टाकायच्या. धाप बसली की एवढंच म्हणायच्या, आमच्या म्हाताऱ्याला सांगू नगं, घोर लावून घेईल."

मी विचारलं, "तुमच्याच दारात?"

"नाही. आधी खालच्या दोन घरांच्या कठड्यांवर टेकून मग आमच्याकडं."

आता दूध मीच आणतो. जाता-येता ते तीन कठडे लागतात. आमच्या दारात उभं राहिलं की तिन्ही नीट दिसतात.